मणिकर्णिकेच्या पुढे न्या: काशीच्या होडीफेरीचा हिशेब

काशीत होडी केली की ती हमखास चुकीच्या जागी वळते. अस्सीहून निघा नाहीतर दशाश्वमेधहून, मणिकर्णिकेच्या चिता दिसल्या की नावाडी वल्हं उलटं मारतो, "आगे कुछ नहीं है बाबूजी" म्हणतो आणि नाव माघारी फिरते. मराठी माणसाने बघावं असं जे आहे, ते नेमकं तिथून पुढे सुरू होतं. शिंदे घाट, भोसले घाट, राम घाट, पंचगंगा, दुर्गा घाट, ब्रह्मा घाट. पुणे, ग्वाल्हेर, नागपूर, औंध इथून आलेल्या पैशाने उभी राहिलेली दगडी काशी त्या वळणापलीकडे आहे आणि बहुतेक यात्रेकरू ती न बघताच घरी जातात.

म्हणून निकाल आधीच सांगून टाकतो. हाताने वल्हवायची होडी, अस्सी ते पंचगंगा, एकाच दिशेने, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी. वेळ दीड ते दोन तास. परतीचा प्रवास होडीने करायचा नाही, पंचगंगेला उतरून गल्ल्यांतून चालत चौकात यायचं. काशीत पैसे देऊन मिळणाऱ्या गोष्टींत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. बाकीच्या फेऱ्या, म्हणजे संध्याकाळची आरतीची होडी, मोटारची मोठी नाव, काचेची क्रूझ, या ठीक ते कामचलाऊ या पट्ट्यात बसतात.

हीच दिशा का, ते नकाशा डोळ्यांसमोर आणला की कळतं. काशीला गंगा उत्तरवाहिनी आहे. दक्षिणेला अस्सी, उत्तरेला वरुणेचा संगम, मध्ये सहा-सात किलोमीटरचा कोयत्यासारखा वाकलेला काठ. गाव सगळं पश्चिम तीरावर, कारण तिथे कंकराचा, म्हणजे चुनखडीच्या खड्यांचा, उंच कडक बांध आहे. समोरचा पूर्व तीर म्हणजे नदीने आणून टाकलेली वाळू, दरवर्षी पुरात बुडणारी, म्हणून तिथे वस्ती झाली नाही. बनारसी लोक त्याला नुसतं 'उस पार' म्हणतात. त्यामुळे सूर्य मोकळ्या वाळूवरून उगवतो आणि उजेड सरळ घाटांच्या तोंडावर पडतो. अस्सीहून निघालात की प्रवाह तुमच्या बाजूने असतो, घाट डाव्या हाताला आणि सूर्य उजव्या. नावाड्याचे हात दमत नाहीत, म्हणजे तो घाई करत नाही. उलट उत्तरेच्या राजघाटाकडून अस्सीकडे यायचं ठरवलं, तर त्याला प्रवाहाविरुद्ध झुंजावं लागतं. मग तो काठाला चिकटून निमूटपणे ओढत राहतो आणि 'जरा थांबवा' म्हटलेलं त्याला आवडत नाही. त्याचंही चूक नाही; थांबलेली नाव मागे जाते.

वेळेच्या बाबतीत मुंबई-पुण्याहून आलेल्यांची एक ठरलेली चूक होते. घरच्या घड्याळाच्या सवयीने लोक सहाला उठतात आणि घाटावर येईपर्यंत सूर्य वर आलेला असतो. जूनमध्ये काशीचा सूर्योदय पाचच्या थोडा पुढे होतो, मुंबईच्या जवळपास एक तास आधी. जानेवारीत पावणेसातच्या सुमारास, म्हणजे मुंबईपेक्षा साधारण अर्धा तास लवकर. होडी आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवावी. अस्सीला पहाटे 'सुबह-ए-बनारस'चा कार्यक्रम असतो: आरती, यज्ञ, मग शास्त्रीय गायन-वादन. २०१४ पासून तो चालू आहे आणि चांगला असतो. पण आरती आणि गाणं दोन्ही पूर्ण ऐकून मग होडी, असं केलंत तर पहिला उजेड हातचा जातो. आरती बघा आणि उठा.

आता नावांचे प्रकार. हातवल्ह्याच्या होडीत चार ते आठ माणसं बरी बसतात. ती घाटापासून दहा-पंधरा मीटरवरून सरकते, कुठेही थांबते, पायरीला लागते. भिंतीवरचा शिलालेख, कोनाड्यातला गणपती, छत्रीखाली बसलेला घाटिया म्हणजे घाटावरचा पुरोहित, कपडे आपटणारे धोबी, सगळं नजरेच्या टप्प्यात राहतं. आवाज फक्त पाण्याचा आणि देवळांतल्या घंटांचा. मोटारची मोठी नाव, जिला तिथे बजडा म्हणतात, तीस-चाळीस लोक घेते. पूर्वी यांची डिझेल इंजिनं घाट दणाणून सोडायची; आता बऱ्याच नावा सीएनजीवर गेल्या आहेत आणि नमो घाटाजवळ त्यांच्यासाठी नदीत तरंगता गॅसपंपही आहे. धूर कमी झाला, आवाज थोडाच कमी झाला. मुख्य अडचण वेगळी आहे. पाण्याखाली पायऱ्या आणि कोसळलेल्या बुरुजांचे दगड असल्यामुळे मोठी नाव काठाजवळ येत नाही, मधल्या खोल प्रवाहातून जाते. तिथून घाट म्हणजे एक लांबलचक चित्र. सुंदर, पण वाचता न येणारं. क्रूझमध्ये खुर्ची मिळते, स्वच्छतागृह मिळतं, ध्वनिमुद्रित माहिती मिळते. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना घेऊन आला असाल तर ती किंवा चांगली मोटारची नावच घ्या. हातहोडीत चढताना ओल्या पायरीवरून हलत्या फळीवर पाऊल टाकावं लागतं, आणि बसायला पाठ टेकेल असं काही नसतं.

दर हंगामाप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे इतके हलतात की इथे आकडा देऊन उपयोग नाही. ठरवायची रीत मात्र बदलत नाही. चार गोष्टी सुटसुटीत बोलून घ्यायच्या: पैसे माणशी की अख्ख्या नावेचे, वल्ह्याची की मोटारची, शेवटचा घाट कोणता, आणि थांबे किती. एका वाक्यात विचारायचं तर: "चप्पू वाली नाव, अस्सी से पंचगंगा घाट तक, पूरी नाव का कितना?" 'चार सौ' म्हणजे माणशी चारशे हे मागाहून कळणं हा काशीतला सगळ्यात जुना वाद आहे, म्हणून 'पूरी नाव' हे दोन शब्द सोडू नका. शेवटचा घाटही नावानिशी सांगा. नुसतं 'सगळे घाट' म्हटलं तर नावाड्याच्या लेखी ते मणिकर्णिकेला संपतात. पंचगंगेपर्यंत नेऊन तिथे सोडायला तो थोडे जास्त मागेल. रास्त आहे, कारण रिकामी नाव त्याला एकट्याला प्रवाहाविरुद्ध परत न्यायची आहे. तेवढ्यावर घासाघीस करू नये. अंगात जीवरक्षक जाकीट घालायलाच हवं. ओलं, फाटकं, बांधायचे पट्टे नसलेलं दिलं तर बदलून मागा.

होडी सुटली की पहिली वीस मिनिटं शांतपणे बघत राहावीत. तुलसी घाट, जिथे संत तुलसीदास राहिले आणि १६२३ मध्ये गेले. भदैनीचा पाणी उपसा करणारा गोल बुरूज, ज्यातून शहराला पाणी जातं. याच भदैनीत, काठापासून थोडं आत, झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचं जन्मस्थळ आहे. मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजीअप्पा यांच्या पदरी काशीत होते, म्हणून मुलगी इथे जन्मली आणि घाटावरून तिचं नाव मणिकर्णिका. स्मारक होडीतून दिसत नाही. ते वेगळ्या वेळी पायी जाऊन बघायचं.

पुढे किल्ल्यासारखी उंच भिंत येते, तो चेतसिंह घाट. १७८१ च्या ऑगस्टमध्ये वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला इथे कैद केलं, शहर उठलं, आणि राजा नदीच्या बाजूच्या खिडकीतून पागोट्यांचा दोर करून उतरला आणि होडीने निसटला. हेस्टिंग्जलाच उलट चुनारला पळून जावं लागलं. खिडक्यांपासून पाण्यापर्यंतचं अंतर खालून बघितल्यावर पागोटी किती लागली असतील याचा अंदाज येतो. हरिश्चंद्र घाटावर पहिलं स्मशान, मग लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा केदार घाट. ही तमिळ काशी, तिथल्या मठात आणि देवळात दक्षिणेचीच रीत चालते. नारद घाटावर नवरा-बायकोने एकत्र स्नान केलं तर भांडणं होतात अशी समजूत आहे. नावाडी ती हसत हसत नक्की सांगणार.

त्याच्या पुढचा राजा घाट मात्र थांबवून बघावा. हा अमृतराव पेशव्यांचा. राघोबादादांचे दत्तक पुत्र, वसईच्या तहाच्या गदारोळात होळकरांनी काही महिने पुण्याच्या गादीच्या आसपास आणलेले, आणि १८०३ नंतर इंग्रजांचा सात लाखांचा तनखा घेऊन उत्तरेत स्थिरावलेले. राज्य गेलेल्या पेशव्यांचा पैसा कुठे गेला याचं एक उत्तर या पायऱ्यांत आहे. पुढे दरभंगा आणि मुन्शी घाटाचा तो देखणा वाडा, ज्याचा फोटो प्रत्येक दिनदर्शिकेवर असतो, तोही मुळात नागपूरकरांचे कारभारी श्रीधर नारायण मुन्शी यांनी बांधलेला. दरभंग्याच्या महाराजांनी तो नंतर घेतला, आणि आज तिथे महागडं हॉटेल आहे. नावाडी फक्त हॉटेलचा दर सांगतो, मुन्शींचं नाव घेत नाही.

त्याला लागूनच अहिल्याबाई घाट. अहिल्याबाईंबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको, पण काशीत त्यांचं काम कुठे कुठे आहे याची नीट जोडणी बहुधा होत नाही. हा घाट आणि वरचा वाडा त्यांचा. आजचं विश्वनाथ मंदिर त्यांनी १७८० मध्ये उभं केलं, १६६९ मध्ये पाडलेल्या मंदिराच्या शेजारच्या जागेत. शिखरावरचं सोनं पुढे महाराजा रणजितसिंहांनी दिलं. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप बायजाबाई शिंद्यांचा, १८२८ चा. आणि अहिल्याबाईंच्याही दोनशे वर्षं आधी, १५८५ च्या सुमारास, विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारलं गेलं तेव्हा अकबराचा दिवाण तोडरमल याच्या जोडीला पंडित होते नारायण भट्ट; घराणं पैठणचं. त्यांच्याच वंशात तीन पिढ्यांनी गागाभट्ट झाले, जे १६७४ मध्ये रायगडावर गेले. अहिल्याबाईंच्या मंदिरापासून गंगेपर्यंत आता रुंद दगडी मार्ग झाला आहे. १३ डिसेंबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. त्याचं नदीकडचं दार ललिता घाटाशी आहे. होडीने तिथेच उतरून दर्शनाला जाता येतं, पण मोबाईल, बॅग, चामड्याचा पट्टा आत नेता येत नाही. म्हणून दर्शन आणि होडी एकाच फेरीत कोंबू नका. दोन्हींचा विचका होतो.

दशाश्वमेध घाटाचं पक्कं बांधकाम नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, १७४८ च्या सुमाराचं. सकाळी इथे न थांबलेलं बरं. फुलवाले, पणतीवाले, दुसऱ्या होड्यांतले सेव विकणारे सगळे इथेच येऊन भिडतात. थंडीत दूरवरून आलेले कुरव पक्षी नदीवर असतात, त्यांना सेव टाकली की शेकड्यांनी झेप घेतात, फोटो झकास येतो. तळलेली बेसनाची सेव त्यांचं खाणं नाही. पाकीट घेऊ नका. मानमंदिरचा कोरीव दगडी सज्जा वर बघा. महाल आंबेरच्या मानसिंहाचा, गच्चीवरची वेधशाळा सवाई जयसिंहाची. पुढे लाकडी नेपाळी मंदिर, आणि मग धूर.

मणिकर्णिकेबद्दल नियम दोनच आहेत. होडीतून फोटो काढायचा नाही, आणि नावाडी किंवा काठावरचा कोणी 'उतरा, वरून नीट दिसेल' म्हणाला तर उतरायचं नाही. वर नेणारा माणूस स्वतःला सेवक म्हणवतो, निराधार वृद्धांच्या लाकडांसाठी किलोमागे दान मागतो आणि धुरात अडकलेला प्रवासी घाबरून देतो. एका चितेला काही मण लाकूड लागतं हे खरं, पण त्या दानातलं लाकूड चितेपर्यंत पोचतंच असं नाही. नाव पंचवीस-तीस मीटर लांब ठेवून, हात जोडून पुढे निघावं. चिता रात्रंदिवस जळतात, अग्नी स्मशान सांभाळणाऱ्या डोमांकडूनच घ्यावा लागतो, आणि शेजारी लाकडांनी भरलेल्या मोठ्या नावा लागलेल्या असतात. एवढं होडीतून पुरेसं दिसतं.

इथे नावाडी वल्हं फिरवेल. "पंचगंगा तय हुआ था" एवढं म्हणायचं.

वळण टाळलं की शंभर पावलांत रत्नेश्वर महादेव दिसतो, पाण्यात एका बाजूला कललेलं सुबक दगडी देऊळ. आईचं ऋण फेडलं असं मुलगा म्हणाला आणि देऊळ कललं, ही गोष्ट सगळीकडे ऐकू येते. खरं कारण जमिनीत आहे. मंदिराचा चौथरा नदीच्या पातळीला, गाळाच्या जमिनीत, आणि वर चुनारच्या वालुकाश्माचं वजन. वर्षाचा बराच काळ गाभाऱ्यात पाणी, पाणी ओसरलं की चिखल. पूजा होते ती मोजके महिने. तोच रोग शेजारच्या शिंदे घाटाला झाला. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास इथे इतका भव्य घाट बांधायला घेतला की तो स्वतःच्या वजनाने खचला. आज दिसतो तो शिंदे घराण्याने १९३७ मध्ये पुन्हा बांधलेला. काशीच्या पश्चिम तीरावर नदी पायथा कोरत जाते, त्यामुळे इथे जितका बांधणारा श्रीमंत तितका घाट जड, आणि जितका जड तितका लवकर बसतो. होडी अगदी जवळ नेली तर पायऱ्यांच्या रेषा कुठे कुठे सरळ राहिलेल्या नाहीत ते डोळ्यांना दिसतं. मोटारच्या नावेतून हे दिसत नाही, म्हणून हातहोडीचा आग्रह.

भोसले घाट नागपूरकरांचा. खालून उंच, कोरी, जवळजवळ बिनखिडक्यांची दगडी भिंत आणि अगदी वर छोट्या नक्षीदार खिडक्या. आडमुठा वाटतो, पण तो पुराचा हिशेब आहे. काशीत गंगेची धोक्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७१.२६२ मीटर धरली आहे, आणि १९७८ च्या पुरात पाणी ७३.९०१ पर्यंत चढलं होतं. खिडक्या ज्या उंचीवर आहेत ती उंची बांधणाऱ्याने नदीला विचारून ठरवली आहे. आत लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे.

राम घाटाजवळ सांगवेद विद्यालय, जिथे अजून घनपाठापर्यंत, म्हणजे वेदपठणाच्या सर्वांत अवघड रीतीपर्यंत, वेद शिकवतात. सकाळच्या वेळी नाव सावकाश असेल तर वरच्या गल्ल्यांतून पाठाचा आवाज कधी कधी पाण्यापर्यंत येतो. हा सगळा भाग, म्हणजे राम घाटापासून ब्रह्मा घाटापर्यंतचा 'पक्का महाल' नावाचा जुना मोहल्ला, तीनशे वर्षं काशीकर मराठ्यांचं घर आहे. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येच्या प्राणप्रतिष्ठेचे मुख्य आचार्य असलेले लक्ष्मीकांत दीक्षित याच काशीकर मराठी परंपरेतले.

पंचगंगेला होडी लावायच्या आधी पाच मिनिटं पाण्यातच थांबा. वर दिसते ती आलमगीर मशीद. तिथे पूर्वी बिंदुमाधवाचं प्रचंड मंदिर होतं. तिचे दोन उंच मिनार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काशीची ओळख होते, आता नाहीत. लोक त्याला 'माधोराय का धरहरा' म्हणतात. माधवराव पेशव्यांशी त्याचा काही संबंध नाही, हा माधव म्हणजे बिंदुमाधव. आजचं बिंदुमाधव मंदिर बाजूच्या घरासारख्या इमारतीत आहे आणि ते उभं राहिलं औंधच्या पंतप्रतिनिधींमुळे. पायऱ्यांवर लाल दगडाची दीपमाळ आहे, हजार दिव्यांची म्हणून 'हजारा', अहिल्याबाईंची देणगी. त्रिपुरी पौर्णिमेला, तिथल्या देवदीपावलीला, ती लागते. रामानंदांचा पाय अंधारात कबीरावर पडला आणि तोंडून 'राम' निघालं ती जागा हीच मानतात. आणि नाथांचं भागवत पैठणला सुरू होऊन काशीत पुरं झालं, १५७३ च्या कार्तिकी पौर्णिमेला. संस्कृत सोडून प्राकृतात लिहिलं म्हणून काशीच्या पंडितांनी आधी त्यांना धारेवर धरलं आणि मग ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी परंपरा सांगते.

पुढचे दोन घाट, दुर्गा आणि ब्रह्मा, पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी १७४० च्या सुमारास बांधून घेतले. जमीन कोळ्यांकडून विकत घेऊन, हे विशेष. याच आळीत फडणीस वाडा आणि आंग्र्यांचा वाडा, ज्याला तिथे 'आंग्रे का बाड़ा' म्हणतात. या सगळ्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की मराठ्यांनी काशीवर एक दिवसही राज्य केलं नाही. शहर अवधच्या नवाबाचं होतं, १७७५ नंतर कंपनीचं. पेशव्यांनी प्रयाग-काशी हातात यावी म्हणून खटपट केली, ती फळली नाही. तरी थोरल्या बाजीरावांच्या आई राधाबाई १७३५ मध्ये यात्रेला आल्या, वाटेतल्या राजेरजवाड्यांनी त्यांना मानाने पुढे पोचवलं, आणि सत्तेने जे जमलं नाही ते घाट, अन्नछत्रं आणि वेदशाळा बांधून झालं.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी नाव आणखी पाऊण तास पुढे, मालवीय पुलाखालून वरुणेच्या संगमावरच्या आदिकेशव घाटापर्यंत न्यावी. पूल १८८७ चा. राजघाटाच्या टेकाडावर उत्खननात इसवीसनापूर्वीच्या सात-आठशे वर्षांपर्यंतची वस्ती सापडली. आजचं शहर दक्षिणेला सरकलं आहे, मूळ काशी इथली. पण पंचगंगा ते राजघाट हा पट्टा होडीतून फारसा बोलत नाही; अभ्यासू माणसालाच सांगावा.

संध्याकाळच्या आरतीच्या होडीबद्दल थोडक्यात. पुजारी नदीकडे तोंड करून उभे असतात, त्यामुळे समोरून बघायला होडी चांगली, हे बरोबर. पण आरतीच्या अर्धा तास आधी दशाश्वमेधसमोर नावा एकमेकींना दोरीने बांधल्यासारख्या उभ्या राहतात. मागच्या ओळीत जागा मिळाली तर पुढच्यांचे मोबाईलच दिसतात, आणि आरती संपली तरी अर्धा तास नाव सुटत नाही. मधल्या काळात उठून दुसऱ्या नावेतून चालत काठावर जायचा मोह अनेकांना होतो, तो टाळा. आरती पायऱ्यांवर बसून बघा, पैसे सकाळच्या होडीला ठेवा. देवदीपावलीला तर दर कितीतरी पट होतात आणि आगाऊ पैसे घेऊन नाव दुसऱ्याला देण्याचे प्रकारही होतात. तेव्हा अर्धेच आधी द्या.

ऋतू बघूनच जा. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर पाणी चढलं की प्रशासन होड्या बंद करतं, घाट एकमेकांपासून तुटतात, आरती गच्चीवर जाते. पाणी उतरल्यावर पायऱ्यांवर माणूसभर गाळ साचतो. पंपाने धुऊन काढायला दिवाळी उजाडते. डिसेंबरच्या शेवटापासून जानेवारीभर दाट धुकं. दहा मीटरवरचं दिसत नाही तेव्हा नाव सोडणंच बंद होतं, आणि सोडली तरी नुसते आवाज ऐकून परत यायचं. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी-मार्च उत्तम. मे-जूनमध्ये पाणी इतकं उतरतं की पायऱ्यांखालचे जुने चौथरे उघडे पडतात. इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत जास्त तेव्हा दिसतं, पण सात वाजता ऊन चटके देतं.

पंचगंगेला उतरलात की उभ्या, निसरड्या पायऱ्या चढून बिंदुमाधवाकडे या, तिथून चौखंबा, ठठेरी बाजार आणि चौक. रमतगमत वीस मिनिटं. या गल्ल्यांत गुगल नकाशा भरकटतो, 'ठठेरी बाज़ार किधर' विचारत चला. कचोरी-जिलबी सकाळी दहापर्यंतच ताजी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत इथे मलइयो मिळतो: रात्रभर दवात ठेवलेल्या दुधाचा घुसळून काढलेला केशरी फेस. ऊन चढलं की तो बसतो, म्हणून नऊच्या आत. मातीचं कुल्हड रिकामं झालं की दुकानदार त्यातच थोडं केशराचं दूध ओतून देतो, त्याचे वेगळे पैसे नसतात. कुल्हड आधी टाकू नका.